मामांचं नाक आणि घुघव्याचं लाकूड

चेरीतालच्या माझ्या मामांइतकी लाकडाची पारख असलेला माणूस अख्ख्या जबलपुरात नाही, आणि हे मत सगळ्यात ठामपणे खुद्द मामांचंच आहे. लाकडाच्या सरकारी डेपोत जन्म गेल्यामुळे कोणाच्याही घरी ते यजमानांना नमस्कार करण्याआधी खुर्चीला टिचकी मारतात आणि मग वाकून तिचा वास घेतात. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही सिविल लाइंसमध्ये गेलो होतो. मुलीचे वडील सागवानी सोफ्याचं कौतुक सांगत होते. मामांनी सोफ्याचा हात हुंगला. "आंबा आहे जी हा. वरून पॉलिश." लग्न झालं, पण मामा येणार म्हटलं की सासरे अजूनही सोफ्यावर चादर टाकतात.

घुघव्याच्या जीवाश्म उद्यानात झाडांचे दगड झालेत, असं मी सांगितलं तेव्हा मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लाकूड सडते, जळते, वाळवी खाते. दगड काहून होईल? चल, पाहूनच येऊ."

तिथं ओंडके उघड्यावर पडले होते. मामांनी टिचकी मारली आणि बोट झटकलं. चौकीदार समजावू लागला, "बाबूजी, पेड़ कीचड़ में दब गया. पानी में घुला पत्थर रेशे-रेशे में भरता गया. लकड़ी गई, नक्शा रह गया."

"अच्छा! गाठसुद्धा जागच्या जागी आहे न!" म्हणत मामा गुडघ्यांवर बसले आणि ओंडक्याला नाक लावून बराच वेळ तसेच राहिले.

"मामा, दगडाला कसला वास येणार?"

"नाहीच येत. तुलाही नाही, या चौकीदारालाही नाही." मग ओंडक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाले, "मला तर कशाचाच येऊन नाही राहिला. मागच्या आजारपणापासून. तेव्हापासून अंदाजानंच सांगतो. मामीला बोलू नको."

परतताना, शहरात शिरल्यावर, अधारतालला एका सुताराच्या दुकानासमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली, आत जाऊन मूठभर भुसा आणला आणि माझ्या नाकाशी धरला.

"सांग, कसा येते?"

"तेलकट... नव्या चपलेसारखा. थोडा गोडसर."

"सागवान," मामा डोळे मिटून म्हणाले. दुकानातून सुतारानं मान डोलावली, पण मामांचे डोळे मिटलेलेच होते.

"अजून सांग," ते म्हणाले.