जित्या माणसाची फाईल

...तर जयाचा कागद कोरा निघाला, इथवर काल आलो होतो. कोरा म्हणजे अगदी पांढराशुभ्र. दोन्ही कडांची भोकं तेवढी शाबूत.

हौशीरामने आधी रिबनला शिव्या घातल्या. जुन्नरच्या जुन्या पेठेतल्या त्याच्या सायकलच्या दुकानात कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं, की पहिला गुन्हेगार रिबन. त्याने नवी चढवली, मनगटापर्यंत काळा झाला, पुन्हा प्रिंट दिली. प्रिंटर गिरणीसारखा खरखरला आणि दुसरा कोरा कागद बाहेर आला. मग कुठे साहेबांच्या थोर डोक्यात उजेड पडला, की पेटी भरली.

पेटी म्हणजे पुण्याच्या एका हौशी माणसाने हौस फिटल्यावर टाकून दिलेला कॉम्प्युटर. त्यात सायकलच्या गिअरचा जुनाट प्रोग्राम. पुढच्या चक्रीचे दाते सांगा, मागच्या चक्रीचे सांगा. एका पायडलला सायकल किती पळेल आणि घाटात गुडघे किती रडतील, याचा तक्ता तो काढून द्यायचा. मात्र आधी तक्त्याची फाईल साठवायची, मगच ती छापायची. जागा संपली तर हा सज्जन तक्रार करत नसे. रिकामी फाईल ठेवून घ्यायचा आणि रिकामा कागद द्यायचा. कुठल्यातरी कचेरीत उमेदवारी केलेली असणार!

फाईलीला गिऱ्हाइकाचं नाव, इंग्रजीत, आठच अक्षरांचं. दुकानाच्या बाकावर रोज बसणारे दादाभाऊ त्यात अचूक मावले, तर आमदारकी मिळाल्यासारखे पेठेत सांगत फिरले.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या फाईली पुसाव्यात. पुसा की! हौशीरामची आई सारजाबाई सांगून गेली होती, जित्या माणसाच्या नावावर काट मारू नये. त्याने एकदाच हिंमत करून पेठेतल्या भरतची फाईल पुसली, आणि त्याच आठवड्यात भरत मोटरसायकलवरून पडला. भरत त्या वेळी पिऊन तर्र होता, ही किरकोळ बाब कुणी धरली नाही. तेव्हापासून त्या पेटीत अख्खी पेठ अमर झाली होती.

इकडे आहुपेच्या जयाचा जीव टांगणीला. उद्या सकाळी घोडेगावातून भीमाशंकरपर्यंत सायकलची शर्यत. मामाकडून मागून आणलेल्या सायकलची मागची चक्री इतकी लहान, की सरावाला अर्ध्या घाटात तिने सायकल ढकलत नेली होती. चक्री उतरवायचा पाना पेठेत फक्त हौशीरामकडे, आणि कागद समोर टांगल्याशिवाय हौशीराम पान्याला हात लावणार नाही.

"काका, मोबाईलवर निघतं की हे," जया म्हणाली.

"मंग मोबाईललाच सांग चक्री बसवाया."

"घोडेगावची पिकअप निघंल आता. मी काय ढकलतच जाऊ का देवाच्या दारात?"

पोरीचे डोळे भरले होते, आणि हौशीरामला रडणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय नव्हती; भांडणाऱ्याची होती. त्याने बाकावर चहा पीत बसलेल्या दादाभाऊंना हळूच विचारलं, "दादाभाऊ, तुमची सायकल तर भंगारात गेली. तुमची फाईल..."

"खबरदार!" दादाभाऊंचा चहा सांडला. "माजी शुगर वाढलीय, माहितीय नव्हं? त्या बहिरूची पूस. तो मेलाय, त्याला काय होतंय!"

समोर भाजी विकणारी कुशाबाई बहिरूची बायको. हातातली मेथीची जुडी तिने टोपलीत आपटली. "का वो भावजी? रेशनकार्डावरनं नाव काढलं त्यांचं. मतदारयादीत हाय, पन तिथं त्यांना इचारतंय कोन? एका या पेटीत मानसासारखं ऱ्हायलंय. ऱ्हाऊ द्या."

आता आली का पंचाईत! जित्यांना मरायची भीती, आणि मेलेल्याला पुसायचं कुणाच्या जिवावर?

हौशीराम यादी वरखाली करत राहिला. तळाशी सगळ्यात जुनी फाईल होती. प्रोग्राम हाती आल्यावर पहिल्याच दिवशी काढलेली, त्याच्या स्वतःच्या सायकलची. त्या सायकलीवर तो घाट चढायचा, असं तो सांगतो. पाहणारं कुणी हयात नाही. त्याने क्षणभर बोट हवेत धरलं, डोळे मिटले आणि पुसायची कळ दाबली.

प्रिंटर खरखरला. या खेपेला कागदावर आकडेच आकडे. जयाने तो फाडून खुंटीला टांगला, हौशीरामने पाना उचलला. पिकअपवाल्याने हॉर्न वाजवून पेठ डोक्यावर घेतली, तरी नवी चक्री बसवून, चेन ओढून बघूनच त्याने सायकल सोडली. जया हसत गेली.

पिकअप वळणाआड गेली तसे दादाभाऊ उठून कॉम्प्युटरपाशी आले. आपलं नाव जागेवर आहे हे आधी बघून घेतलं, मग तळाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हौशा, जित्या मानसाचं नाव पुसलंस लेका. ते बी सोताचं! आता रं?"

हौशीरामने काळे हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "आता काय? उद्या मी मेलो, तर आईचं खरं व्हतं म्हना आन् ही पेटी माझ्या संगं जाळा. न्हाई मेलो, तर परवा सकाळी एकेकाला पुसाया बसनार हाय, आन् दादाभाऊ, पयला नंबर तुमचा."