'दोन दिसले' म्हणणारे

चाळीसगावला गच्चीवर दुर्बीण लावून अगदी चिकटून असलेले जोडतारे लोकांना दाखवायचा मला नाद आहे. मी विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळे 'दोन दिसतील' हे आधीच सांगून टाकतो. सगळे डोळा लावून 'हो, दोन' म्हणतात. परवा संशय आला म्हणून मुद्दाम एकटा तारा लावला. तरी सगळ्यांना दोनच दिसले. शेजारच्या अक्का तेवढ्या म्हणाल्या, "एकच शे, भाऊ." तर लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं. माझं डोकं फिरलं. सर म्हणाले म्हणून स्वतःचे डोळे गहाण टाकायचे? तणतणत खाली आलो आणि माझी निरीक्षणांची वही उघडली. ज्या दिवशी हवा थरथरत होती, दुर्बिणीत नुसता एक ठिपका हलत होता, त्या दिवशीही मी पुस्तकात बघून 'दोन दिसले' असं लिहिलं होतं.