टाकीत न सोडलेला दिवा

हे मी घरात कधी बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. आज तुमच्यापाशी बोलतो — पण आधी लाल वाईन कशी होते ते सांगू द्या. एकदम मुद्द्यावर यायचा धीर अजून होत नाही.

नव्वदीच्या दशकात मी एका लहानशा वाईनच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. येडगाव धरणाच्या पाण्यावर पिकलेली काळी द्राक्षं चुरडून सालीसकट टाकीत आंबवायची — लाल रंग येतो तो सालीतूनच. मग वाईन खालून काढून घ्यायची, मुरवायची, बाटलीत भरायची. टाकीत उरतो चोथा. तो उपसायला माणूस आत उतरतो. पण चोथ्यातून वायू निघतो. दिसत नाही, माणूस मात्र गुदमरतो. म्हणून आधी दोरीने पेटता दिवा आत सोडायचा. विझला, तर कुणाला उतरू द्यायचं नाही. दिवा सोडणं माझं काम.

बघा, किती नीट सांगतोय — सगळं ठाऊक होतं मला!

मार्चमधली सकाळ. फाटकाशी द्राक्षांचे ट्रॅक्टर उभे, टाकी लगेच रिकामी हवी होती. मी म्हणालो, "उतरा मामा." बबनमामा उतरले. पिंपळवंडीचा माळकरी माणूस, देवळात भजनाला पखवाज वाजवणारा. इतकी वर्षं वाईनमध्ये काम करून थेंब जिभेला लावला नव्हता. जरा वेळात ते चोथ्यातच आडवे झाले. आम्ही ओढून काढलं, वाचले. साहेब धावत आले. दिव्याचं विचारायच्या आत मी बोलून गेलो — मामा प्यायलेत. अंगाला वास तर येतच होता. शंका कोण घेणार?

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. भेटायला, की कानोसा घ्यायला? ओट्यावर आम्ही दोघंच होतो.

"भाऊ, खरं सांगा," मामा म्हणाले, "मी प्यालो व्हतो का? मला काय बी आठवत न्हाई."

तिथे ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणालो, "व्हय मामा."

त्यांनी माझ्यासमोरच गळ्यातली माळ उतरवली.

त्या टाकीतली वाईन पुढच्या वर्षी बाटलीत भरली. चांगली उतरली होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी हसलो — त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

मामा अजून आहेत. भजन सुरू झालं की देवळाच्या पायरीवर बसतात, मांडीवर बोटांनी ठेका धरतात. कुणी बोलावलं तर म्हणतात, "नगं, माझ्या हातनं चूक झालीया." मी आत असतो, टाळ घेऊन.