जर्मन खुनाचे अकरा तास

हिंदी मुलखातल्या आमच्या चौबे कॉलोनीत गंगाधररावांना सगळे जर्मनकाका म्हणतात. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलमध्ये ते स्टोअर सांभाळायचे, तेव्हा मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर चार महिने आला होता. त्याच्याकडून काका चाळीसेक शब्द शिकले. निम्मे नटबोल्टचे, निम्मे शिव्यांचे. तेवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षं रुबाब केला, आणि आम्ही तो करू दिला. खरंखोटं करायला दुसरा जर्मन आणायचा कुठून?

यंदा वाढदिवसाला त्यांच्या मुलाने, अनिमेषने, काकांच्या मोबाइलमध्ये जर्मन खूनकथेचं ऑडिओबुक घालून दिलं. अकरा तासांचं. पोरगा एवढ्या कौतुकाने देतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? काकांनी कानात इयरफोन खुपसले आणि रोज संध्याकाळी बगिच्यातल्या बाकावर बसून आम्हाला ती कथा मराठीत सांगायला लागले.

खून झकास रंगला. बर्फात प्रेत, घरात चार नातेवाईक, त्यात लोणच्याच्या बरणीवरून भांडलेल्या दोन जावा. ऐकण्याच्या नादात माझी आमटी दोनदा करपली.

संकष्टीला मात्र घात झाला. काका दिवसभराचे उपाशी. इन्स्पेक्टरपुढे गरमगरम जेवण वाढलं गेलं आणि काका म्हणाले, "पण तो जेवला नाही. चंद्र उगवायचा होता."

शंकरराव ताठ बसले. रेल्वेत जन्मभर तिकिटं तपासलेला माणूस! "काहून बे गंगाधर, जर्मनीत चतुर्थी कवापासून धरून राहिले?"

"त्याची सासू अमरावतीची हाय," काका म्हणाले.

"असं? उद्या आमची नात येऊन राहिली. गंधाली जर्मनच्या क्लासले जाते. तीच ऐकून सांगन."

काकांचा चेहरा पाहवेना. तीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती, आणि बोभाटा अनिमेषपर्यंत पोचायला एक फोन पुरे होता.

दुसऱ्या दिवशी गंधालीने एक इयरफोन आपल्या कानात घातला, दुसरा काकांच्या. काकांनी दहा मिनिटं कथा ओढली. शंकररावांनी विचारलं, "बरोबर सांगून राहिला का हा?"

"हव नाना, बिलकुल सही."

शंकरराव हिरमुसून फाटकाकडे फेरी मारायला गेले. काका हळूच म्हणाले, "पोरी, खोटं काहून बोलली? मले तर यातलं काहीच समजत नाही."

पोरीचे डोळे भरून आले. "मुझे भी कहाँ समझता है, आजोबा? एग्ज़ाम में दो बार फेल हो गई. नाना को पता नहीं."

मला फुटलेलं हसू तिथंच विरलं. काकांनी इयरफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"माझ्या खोट्यानं लोकायची करमणूक होते," ते म्हणाले. "तुझं खोटं तुलेच खाऊन राहिलं. थांब, पहिले मी सांगतो." आणि फाटकाकडे तोंड करून ओरडले, "शंकर! मले जर्मन येत नाही. कधीच येत नव्हतं!"

शंकरराव चोर पकडल्याच्या आनंदात परत आले. तेवढ्यात गंधाली म्हणाली, "नाना, मुझे भी नहीं आता. दो बार फेल हुई हूँ."

म्हाताऱ्याचा आनंद उतरला. एकाला पकडायला गेले, तर दोन सापडले, आणि दुसरा घरचाच. आता हे नातीवर किती बरसतात, म्हणून मी तिच्या जवळ सरकले.

शंकरराव बाकावर दोघांच्या मधे बसले. "तिसरी परीक्षा कवा हाय?"

"मार्च में."

"मग लाव. पहिल्यापासून लाव." काकांच्या कानातला इयरफोन काढून त्यांनी रुमालाने पुसला आणि स्वतःच्या कानात घातला.

"तुले काय समजन बे?" काका म्हणाले.

"काही नाही," शंकरराव म्हणाले. "पण तो खुनी मी आता तुमच्या दोघायच्या भरवशावर सोडत नाही."