दगूबाईची बिनटपाची गाडी

भूपेंद्रने टोरांटोहून फोन करून सांगितलं, "ती गाडी भंगारात देऊन टाका, बापू. शेडमध्ये तेवढीच जागा होईल." दगूबाई तेव्हा चुलीपुढे भाकरी टाकत होती. तिने तवा खाली उतरवला, नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, "गाडी इकानी नही," एवढंच म्हणाली आणि फोन परत दिला.

रतिलाल पाटील बघतच राहिला. बायकोने त्या गाडीबद्दल याआधी कधी चकार शब्द काढला नव्हता.

गाडी तशी भूपेंद्रचीच. नाशकात शिकायला होता तेव्हा बापाच्या मागे लागून त्याने ती जुनी घेतलेली. गोव्याकडच्या एका छोट्या कारखान्यात बनलेली, दोन माणसांपुरती, फायबरच्या अंगाची लाल गाडी. कापडी टप मागे दुमडला की वर नुसतं आभाळ. आत बसल्यावर हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल, इतकी बुटकी. पोरगा परदेशी गेला, गाडी तापीकाठच्या गावी आली आणि ताडपत्रीखाली पडून राहिली. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली, उंदरांनी वायरिंग कुरतडलं, टपाचं कापड तर हात लावला की गळायचं.

दगूबाईच्या मनात काय होतं ते कळायला मागे जावं लागेल. ती नवी सून असताना एका वर्षी रतिलालला कावीळ झाली. ऊस तोडून पडलेला, कारखान्याचा नंबर लागलेला, आणि ट्रॅक्टर चालवायला कोणी नाही. दगूबाईने माहेरी बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरलेलं होतं, तेवढ्या भांडवलावर ती सीटवर चढली. सबंध हंगाम तिने ट्रॉल्या ओढल्या. कारखान्याच्या रांगेतले ड्रायव्हर आधी हसले, मग तिला पुढे जायला वाट देऊ लागले. रतिलाल बरा झाला त्या दिवशी थोरले जेठ भिलाभाऊ अंगणात आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आता घरातल्या बाईने खाली उतरावं." दगूबाई उतरली. त्यानंतर भाकऱ्या, केळीची लागवड, पोराचं शिक्षण, सासूचं आजारपण, सगळं तिने केलं. पण ते उतरणं तिला आतून कुठेतरी टोचत राहिलं. साठी उलटली तरी टोचत होतंच.

फोनच्या दुसऱ्या दिवशी तिने ताडपत्री ओढून काढली.

रतिलालला पंप आणि ट्रॅक्टर उघडायची सवय होती, गाडीची नव्हती. "हे आपलं काम नाही," असं म्हणत म्हणतच त्याने बॉनेट उचललं आणि डोकं आत घातलं ते संध्याकाळीच बाहेर काढलं. वायरिंग नवं ओढलं. मागच्या चाकांचे ब्रेक गंजून घट्ट बसले होते, ते रॉकेल लावून लावून सोडवले. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली तेव्हा तळातून काकवीसारखा काळा चिखल निघाला. पार्ट सहज मिळत नव्हते. क्लचची केबल नंदुरबारला सापडेना, ती दुसऱ्या एका गाडीची आणून आखूड करून बसवली. टप शहाद्याला ट्रॅक्टरची छतं शिवणाऱ्या कारागिराने शिवला. शिवताना तो दहादा म्हणाला, "मावशी, मधी दांडा लावू दे, मजबूत व्हई." ती दहादा म्हणाली, "दांडा नको. उघडता आला पाहिजे."

इंजिनाने पहिला धूर सोडला तेव्हा दगूबाई ड्रायव्हरच्या जागी बसलेली होती. रतिलाल दार धरून उभा राहिला, ती सरकेल म्हणून. ती सरकली नाही. शेवटी तो वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. तेव्हापासून दोघांचं ठरून गेलं. पाना त्याचा, स्टेअरिंग तिचं.

लायसन्स हातात आल्यावर ती पहिल्यांदा टप उघडून गावातून निघाली, आणि दूध डेअरीसमोर घोटाळा झाला. वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला. डेअरीच्या ओट्यावर भिलाभाऊ बसलेले. चाळीस वर्षांत ज्या जेठापुढे तिने कधी डोकं उघडं केलं नव्हतं, की समोरासमोर एक वाक्य बोलली नव्हती, त्यांच्या पुढून ती पांढरे केस भुरभुरत गेली.

संध्याकाळी भिलाभाऊ अंगणात हजर. "रतिलाल, तुन्ही बायकोले समजाड. गाव हसी ऱ्हायनं. म्हतारीले याड लागनं म्हनतस. पाटलाच्या घरची बाई बाहेर निघाली तर डोकं झाकलेलं पाहिजे."

रतिलालने मान खाली घातली. दगूबाई दाराआड उभी होती. 

दोन दिवसांनी गाडी पुन्हा डेअरीसमोर आली आणि थांबली. दगूबाईच्या डोक्यावर भलंमोठं हेल्मेट होतं, काच खाली ओढलेली. तिने काच वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा जेठाच्या डोळ्यांत बघून बोलली, "भाऊजी, डोकं झाकेल शे. तोंडबी झाकेल शे. आते काय ऱ्हायनं ते सांगा."

ओट्यावरचे लोक दुधाच्या कॅनमागे तोंड लपवून हसले. भिलाभाऊ उठून गेले. त्या दिवसापासून त्यांनी भावाच्या घरचं पाणी सोडलं. रतिलालला ते फार लागलं, थोरला भाऊ ना तो. "जाऊन माफी माग," असं तो एकदा म्हणाला. दगूबाईने विचारलं, "कशाची?" त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

उन्हाळ्यात गाडी तापायची. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडेपर्यंत काटा लालवर. रतिलालने जाड रेडिएटर बसवला, वेगळा पंखा लावला. मग दगूबाई म्हणाली, घाट करू. म्हसावदच्या पुढे तोरणमाळचा घाट लागतो, वळणावर वळण. वर जाताना गाडी बकरीसारखी चढली. खरी गंमत उतरताना झाली. निम्म्या घाटात ब्रेकचा वास यायला लागला आणि पुढच्या वळणाला तिने पाय दाबला तो पेडल थेट खाली टेकलं. खाली काहीच नाही, नुसती हवा.

"दगू, थांबाड!" रतिलाल ओरडला.

ती थांबवतच होती. दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि एका मुरमाच्या ढिगात घुसवली. फायबरचा बंपर फाटला. दोघांच्या अंगावर लाल धूळ बसली.  "पुरे झालं," रतिलाल म्हणाला. "उद्याच विकू. मला बायको पाहिजे, गाडी नको."

दगूबाईने आरशात बघून तोंड पुसलं.  "ब्रेक बदला," ती म्हणाली. "माले नका बदलू."

दोष ब्रेक ऑइलचा होता. जुनं ऑइल वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पितं आणि तापलं की उकळतं. उकळलं की नळीत वाफ, आणि पेडल पोकळ. एवढी साधी गोष्ट आपण केली नाही याचं रतिलालला इतकं वाईट वाटलं की पुढचे काही महिने त्याने ब्रेक सोडून दुसरं काही पाहिलंच नाही. पुढे मोठ्या डिस्क, चांगले पॅड, रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या नळ्या, जास्त तापमान सोसणारं ऑइल. मग शॉकअप बदलले. पहिले आणले ते इतके कडक, की रनाळ्याच्या रस्त्याला खड्ड्यागणिक दगूबाईचे दात वाजले. ते काढून कमी-जास्त करता येतील असे बसवले. गावात मऊ, ट्रॅकवर कडक.

ट्रॅक हा शब्द घरात कधी आला ते दोघांनाही सांगता यायचं नाही. बडोद्याकडे एका खासगी ट्रॅकवर वर्षातून एकदा कोणीही आपली गाडी घेऊन यावं, घड्याळ लावून पळवावी, असा दिवस असतो, हे रतिलालने मोबाइलवर पाहिलं आणि चुकून बायकोला दाखवलं. उघडी गाडी असेल तर डोक्यामागे लोखंडी कमान पाहिजे, असा तिथला नियम. गाडी उलटली तर कमान टेकली पाहिजे, माणूस नाही. ती कमान नंदुरबार रस्त्याला ट्रॉल्या बनवणाऱ्या इंद्रसिंगने केली. पहिल्यांदा त्याने शेतातल्या पाण्याचा पाइप वाकवला. दगूबाईने हेल्मेट घालून, आत बसून डोक्यावर पट्टी आडवी धरली. हेल्मेट कमानीच्या वर येत होतं. "माझ्या डोक्यावर गाडी पेलायची का?" तिने विचारलं. इंद्रसिंगने कपाळाला हात लावला, बिनजोडाचा जाड पाइप मागवला आणि उंच, बोल्टने बसवता-काढता येईल अशी कमान केली. त्यात त्याचा आठवडा गेला, पण वेल्डिंग असं केलं की रतिलाल बोट फिरवत बसायचा.

भूपेंद्रला हे सगळं त्याच्या चुलतभावांकडून कळत होतं. त्याने आईला समजावून बघितलं, रागावून बघितलं. "आई, तुझं वय काय आणि तू करतेस काय?"

"गाडीचं वय विचार," ती म्हणाली. "त्याच्यामुळे पार्ट मिळत नाहीत."

मग त्याने परस्पर सुरतेचं एक गिऱ्हाईक पाठवलं. जुन्या गाड्यांचा हौशी माणूस, पांढरा शर्ट, अत्तर लावलेला. तो नंदुरबारला रेल्वेने उतरला आणि त्याला आणायला खुद्द दगूबाई गेली, टप उघडा टाकून. डोक्यावर हेल्मेट, काच बंद. दिवस मिरचीचे होते. शहराबाहेर पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानांवर, लाल मिरची पसरलेली, बाया फडक्यांनी नाक-तोंड बांधून ती उलथत होत्या. गावाकडे यायला सरळ रस्ता होता. दगूबाईने पथाऱ्यांचा धरला, आणि सावकाश.

"बेन, जरा... बेन..." एवढंच त्याला बोलता आलं. मग तो शिंकू लागला तो थांबेचना. डोळ्यांतून धारा. गाडी बघायला आलेल्या माणसाने गाडी काही बघितली नाही. घरी आल्यावर दगूबाईने त्याला ताक दिलं, तोंड धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर तो म्हणाला, "गाडी तुमचीच बरी आहे." जाताना त्याला रतिलालने पिकअपमधून स्टेशनवर सोडलं. त्या रात्री भूपेंद्रचा फोन आला. तो म्हणाला, "निदान हेल्मेट चांगलं घे. मी पाठवतो." दगूबाई म्हणाली, "पाठव. पण लाल पाठव."

ट्रॅकवर गाडी तिने स्वतःच चालवत नेली, अक्कलकुव्याहून डेडियापाड्याच्या जंगलातून. मागून पिकअपमध्ये रतिलाल, सोबत टायरचा दुसरा संच, पाने आणि भाकरीचं गाठोडं. तिथे सगळी जवान पोरं, मोठमोठ्या गाड्या. दगूबाईने लुगड्याऐवजी शिवून घेतलेला जाड सुती सूट घातला होता. तो घालून पिकअपच्या आडून बाहेर यायला तिला जरा वेळ लागला. आली ती मात्र मान ताठ ठेवून.

पहिल्या फेरीत ती दुसऱ्याच वळणाला गोल फिरली. ब्रेक लावल्याबरोबर मागची चाकं अडकली आणि लाल गाडी भोवऱ्यासारखी गिरकी घेऊन मातीत. कठड्याशी उभा रतिलाल पुढे वाकला. झेंडेवाला पोरगा धावत गेला, "आजी, लागलं का?"

"आजी घरी. बाजूला हो," ती म्हणाली आणि गाडी मागे घेतली.

दुपारी ती पुन्हा उतरली. या वेळी ब्रेक आधी, थोडा, सरळ रेषेत. वळणात शिरताना पाय हलका. वाऱ्याचा घोंगाट, तापलेल्या रबराचा वास, आणि एका लांब सरळ पट्ट्यावर तिने दाबलं ते दाबलंच. तिच्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला. ओरडणं म्हणा, गाणं म्हणा. ऐकायला तीच होती.

संध्याकाळी निकाल वाचले. छोट्या इंजिनांच्या गटात दगूबाई पाटील नववी. तिच्या मागे फक्त तिघे. मग माइकवाल्याने सांगितलं की आयोजकांनी आजच्या ज्येष्ठ महिलेसाठी एक खास चषक ठेवला आहे. चषक मोठा होता, पहिल्या नंबराच्या चषकापेक्षाही मोठा. टाळ्या पडल्या, फोटोवाले पुढे सरसावले.

दगूबाई मंचापर्यंत गेली, चषकाला हात लावला नाही. "हा कशाचा?" तिने विचारलं.

"तुमच्या हिमतीचा, मावशी."

"हिमतीचं घड्याळ कोणी लावलं होतं?" माइकवाला गोंधळला. ती पुढे म्हणाली, "मी सगळ्यांत पळाले. बाया वेगळ्या, म्हाताऱ्या वेगळ्या असं मी मागितलं नव्हतं. नववी आले, तर नववी लिहा. निकालाच्या पाटीवर माझं नाव आडनावासकट लिहा. हा चषक पुढच्या वर्षी पहिल्याला द्या."

टाळ्या थांबल्या. मागे कोणीतरी शिट्टी मारली. पाटीजवळच्या पोराने खडू उचलला आणि नऊच्या पुढे नुसतं 'दगूबाई' होतं तिथे 'पाटील' वाढवलं. ते वाळेपर्यंत, म्हणजे खडूला वाळायचं काय, पण ती तिथेच उभी राहिली.

परतीला डेडियापाड्याला चहासाठी थांबले. रतिलाल कप हातात धरून म्हणाला, "घ्यायचा होता. भिंतीवर चांगला दिसला असता. भिलाभाऊंनाही दाखवला असता."

"त्यांना यायचं तर असेच येतील."

"आणि नाही आले तर?"

तिने बशीत चहा ओतला. "नाही आले तर नाही आले." चहा संपवून ती म्हणाली, "मागचे ब्रेक आधी धरतात, म्हणून ती गिरकी. पुढच्यांचा जोर वाढवला, मागचा कमी करायचा राहिला."

रतिलालने खिशातली पेन्सिल काढली आणि चहाच्या टेबलावरच ब्रेकच्या नळ्यांची आकृती काढायला घेतली.