फणसाच्या खोक्याची खरखर

रविवार, दिवाळीनंतरचा पहिला, १९८६. वेळ दुपारी तीन. स्थळ वाचनालयाचा हॉल, रत्नागिरी. हजर: दादा सुर्वे, व्हिडिओवाल्यांच्या बाजूने, गुरवकाका, पखवाजासह, कार्यकारिणीतले आणखी चौघे, विश्राम मिस्त्री, आणि मी, चिटणीस. गैरहजर कोणी नाही.

त्या दिवशीच्या वहीत एवढंच आहे आणि खाली एका ओळीत निर्णय. मिस्त्रींबद्दल वहीत न आलेलं इथे लिहिते.

मिस्त्री मूळचे लांज्याकडचे. धंद्याने सुतार, पण शहरातले निम्मे लाउडस्पीकर त्यांच्या हातून दुरुस्त झालेले. कुठलाही स्पीकर लागला की ते डावा तळवा खोक्यावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. ताप बघतात तसे. "आवाज आधी लाकडाला कळतो, बाय. मानसाला मागनं," असं ते मला म्हणाले होते, आमचा जुना रेडिओ दुरुस्त करताना. एकदा लग्नघरी स्वतःच बांधून दिलेला स्पीकर त्यांनी मांडवातून उचलून परत नेला. यजमान हात जोडत होते, चालतंय म्हणत होते. मिस्त्री ऐकेनात. "नाकात बोलतोय तो. माझ्या नावावर नाकात बोलनारा नको." या एका गोष्टीवर गावाचा त्यांच्यावर विश्वास होता.

आमची अडचण अशी. हॉलमध्ये बुधवारी शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्ड लागत, शनिवारी व्हिडिओवर सिनेमा. दोन लहान स्पीकर होते. त्यांतून खर्जाचा आवाज येतच नसे. फक्त खर्जासाठी वेगळा मोठा स्पीकर असतो, त्याला सबवूफर म्हणतात, हे दादांनी मुंबईहून शोधून आणलं. घ्यायचा एकच आणि तो दोन्हीकडे चालला पाहिजे. दादांचे मेहुणे मुंबईहून एक तयार खोका पसंतीसाठी घेऊन आले होते. पाच वाजताच्या एसटीच्या गाडीने ते परत जाणार, खोका नापसंत झाला तर खोक्यासकट. दुसरा खोका मिस्त्रींनी बांधलेला, फणसाच्या लाकडाचा. दोन महिने खपून. तो पसंत झाला तर आणखी दोन वाचनालयं त्यांना काम द्यायला तयार होती, आणि आमच्या निकालाकडे डोळे लावून बसली होती.

मिस्त्रींची तपासायची रीत वेगळी. आधी गुरवकाकांनी हॉलमध्ये पखवाज वाजवायचा, मग लगेच पखवाजाची रेकॉर्ड लावायची. "खरा कानात ताजा असताना खोटा ऐकायचा, म्हंजे पकडता येतो." सिनेमासाठी त्यांचं माप विहिरीच्या सुरुंगाचं. "कातळात सुरुंग लागला की पायाला आधी कळतं. पडद्यावर बाँब फुटला आनि पाय गप ऱ्हायले, तर तो स्पीकर कशाला? शोभेला?"

पहिला मुंबईचा खोका. तो कोपऱ्यात ठेवला होता. सिनेमातला स्फोट झाला आणि हॉल हादरला, दादा खूश. पण पखवाज लावल्यावर सगळे बोल एकमेकांत मिसळले. गुरवकाका तोंड वाकडं करून म्हणाले, "हा पखवाज हाय की पिंपात कोंबडा?"

"काका, सिनेमाला कोण पखवाज बघायला येतो?" दादा म्हणाले.

"मग बुधवारी आमी काय, बाँब ऐकायचा?"

मग फणसाचा खोका. पखवाजाचा बोल न् बोल सुटा आला. गुरवकाकांनी मांडीवर थाप मारली. पण पखवाजाच्या आवाजाखाली मला काहीतरी ऐकू आलं: बारीक खरखर, डबीत अडकलेल्या माशीसारखी. स्फोट लागला तेव्हा ती वाढली. खोक्याची एखादी फळी थरथरत होती. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकली होती.

मिस्त्री तळवा टेकून, डोळे मिटून उभे होते. चेहऱ्यावर समाधान.

"मिस्त्री," दादांनी विचारलं, "कसा काय वाटतो?"

"झकास."

दादा हसले, ते हसू मला आवडलं नाही. "पुन्हा ऐका की. घाई नाही."

पुन्हा लावलं. पुन्हा खरखर. "झकास," मिस्त्री म्हणाले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आपल्याच पोराला कोण काळा म्हणेल?" गुरवकाकांनी मान खाली घातली. साडेचार झाले होते. जो माणूस लग्नघरातून स्पीकर उचलून नेतो तो इथे सरळ खोटं बोलतोय, असं त्या खोलीतल्या सहा जणांना वाटत होतं.

मला तसं वाटेना. मघाशी मी मागून दोनदा हाक मारली होती, त्यांनी मान वळवली नव्हती. महिनाभर माझ्याशी बोलताना ते माझ्या ओठांकडे बघत होते. मोठ्याने सांगावं तर चारचौघांत त्यांचा धंदा संपला. गप्प बसावं तर नाव संपलं.

वहीतला कागद फाडला. लिहिलं: "बारीक खरखर येते आहे. सगळ्यांना." त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. तळवा खोक्यावरून उचलायला त्यांना वेळ लागला.

"माझा खोका बाद," ते म्हणाले. "खरखरतो."

"मग मघापासून झकास झकास काय चाललं होतं?" दादा.

"तुमी कोन बोलताय का बघत होतो." सगळे हसले, जरा जास्तच. "आता तो मुंबईचा कोपऱ्यातनं भायेर काढा. भिंतीला पाठ लावून बसवलाय, घुमनारच. अजून ओढा. अजून."

रेकॉर्ड चालू ठेवून ते स्वतः चपला काढून अनवाणी हॉलभर फिरले. एका ठिकाणी थांबले. "हितं." तिथे ठेवल्यावर पखवाज सुटा आला आणि स्फोट पायाला कळला. गुरवकाका म्हणाले, "हां! आता कोंबडा पिंपातनं भायेर." पाचच्या गाडीने दादांचे मेहुणे एकटेच गेले.

पायऱ्यांवर मिस्त्रींनी चपला घालता घालता सांगितलं. "उजवा कान गेलाय, बाय. डाव्यातनं बारीक आवाज निसटतो. जाडा हाताला कळतो, म्हनून चालवत होतो." मग म्हणाले, "वहीत नका लिवू."

लिहिलं नाही. पुढे मोठं काम आलं की ते वाचनालयात यायचे, उगाच कपाटाचं दार बघायचे आणि हळूच म्हणायचे, "बाय, जरा कान द्याल?" मी जायचे. ते तळवा टेकायचे, डोळे मात्र आता माझ्याकडे, मी बाजूला उभी राहायचे, खरखर असली तर डोक्यावरचा पदर सारखा करायचे. चार वर्षं असं चाललं. कोणाला कळलं नाही.

फणसाचा खोका त्यांनी माझ्याकडे ठेवला होता. "तुमचे कान चांगले. कुठली फळी खरखरते ती शोधा, खडूने खूण करा. खुंटी मी मारीन." दोनदा आठवण करून दिली त्यांनी. घरी अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, ही माझी सबब पहिल्या वर्षापुरती खरी होती. नंतर घेतला. नंतर मिस्त्री गेले.

दर पाडव्याला मी जुनी यादी नव्या वहीत उतरवते. झालेल्या कामांवर रेघ मारते, राहिलेली पुढे नेते. या वर्षीही पहिल्या पानावर तेच आहे: फणसाचा खोका, खरखर शोधणे, खूण करणे. खडू खोक्यावरच ठेवलेला आहे.