सरांनी कानबाई प्रदर्शनात मांडली

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणी वाचलंच तर चुका पोटात घाला. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून लिहिते.

आमचे सर कशाकडेही नुसते बघत नसत. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जुळवून चौकट करायचे, एक डोळा मिटायचे, त्या चौकटीतून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "हे जपलं पाहिजे."

माझ्या झाडूकडे त्यांनी असं बघितलं आहे. दारातल्या खरजुल्या कुत्र्याकडे बघितलं आहे. मी केर भरत असताना "तायी, एक मिनिट, तशाच थांबा," म्हणायचे. मी वाकलेली थांबायची. त्यांचं मिनिट लांब असायचं, आणि कंबर माझी होती.

गावाबाहेर सारंगखेड्याच्या रस्त्याला विद्यापीठाचं कलाकेंद्र आहे. तिथं झाडू, पाणी आणि चहा माझ्याकडे. चित्रांची प्रदर्शनं, नाटकं, शिबिरं असं सगळं तिथं व्हायचं आणि सगळ्याचे कर्ते सर. दाढी, खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. ते पुण्याकडचे. अहिराणी त्यांनी शिकून घेतली होती म्हणजे "काय शे?" एवढी. एवढ्यावर ते गावभर फिरायचे. कोणी उलट बोललं की मान डोलवायचे.

एकदा त्यांनी मातीचं शिबिर घेतलं. ट्रॉलीभर काळी माती हॉलपुढं ओतली. फी भरून आलेली मुलं गुडघ्यापर्यंत चिखलात उतरली. डोळे मिटायचे आणि माती काय सांगते ते ऐकायचं. दुपारी ब्राह्मणपुरीहून एका मुलाचे वडील न्यायला आले. त्यांच्या पायाला शेतातला चिखल तसाच होता. पोराकडं बघून ते सरांना म्हणाले, "सर, घरनी माटीले काय काटा व्हतात का? तठे तं पाय ठेवत नही."

सर म्हणाले, "तिथं तो काम करतो. इथं तो अनुभव घेतो."

"मंग आम्हना वावरमां बी फी लई घ्या," ते म्हणाले, आणि पोराला नळाखाली उभं केलं.

दुसऱ्यांदा नाटक. धानोऱ्याहून सरांनी जीप भरून माणसं आणली होती, कारण प्रेक्षक ग्रामीण पाहिजे होता. काळे कपडे घातलेली पाच मुलं स्टेजवर आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कोणी बोलेना. बराच वेळ गेला. मागून एक म्हातारा उठून लायटवाल्याला म्हणाला, "भो, माईक बंद शे. सांग त्यास्ले, आयकू येत नही." सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. नंतर चहा पिताना मला म्हणाले, "तायी, शांतता ऐकायला कान लागतो." मी मान हलवली आणि कप उचलले.

असं हसण्यावारी चाललं होतं. मग सर आमच्या घरी आले.

निमित्त काही नव्हतं. पुढच्या प्रदर्शनाचं नाव 'खान्देशचं लोकधन' असं ठरलं होतं आणि ते धन शोधत ते घरोघर फिरत होते. ओट्यावर माझी सासू डाळ निवडत बसली होती.

"काय शे आजी?" सर म्हणाले.

"डाय शे," सासू म्हणाली. "दिसत नही का?"

पण तिला ते आवडले. चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायले म्हणून आवडले. आत देव्हाऱ्याकडे त्यांची नजर गेली आणि दोन्ही हात वर झाले. चौकट झाली. चौकटीत आमची कानबाई होती.

आमच्याकडे श्रावणात एका रविवारी घरोघर कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे लावतात, नथ घालतात, साडी नेसवतात. नैवेद्याला गव्हाचे जाड रोट करतात, ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. दुसऱ्या दिवशी देवी नदीवर नेऊन आणतात. पुष्कळ घरांत नारळ अधूनमधून नवा होतो. आमचा नाही. आमचा नारळ सासूच्या सासूच्याही आधीचा. हलवला की आत सुकलेला गोटा वाजायचा. सासू म्हणायची, ती बोलते. त्या नारळापायी ब्राह्मणपुरीचे, धानोऱ्याचे सगळे भाऊबंद वर्षातून एकदा आमच्या दोन खोल्यांत मावतात. माझा नवरा रिक्षा चालवतो, बाकीचे शेतीवाले, बागायतदार. पण कानबाई आमच्याकडे, म्हणून मान आमचा.

"हे जपलं पाहिजे," सर म्हणाले.

"जपेलच शे," सासू म्हणाली. "मन्ही सासूनं जपं, आते मी जपी ऱ्हायनी."

"आजी, आठ दिवस द्या. हजारो लोक दर्शन घेतील."

दर्शन म्हटल्यावर सासू विरघळली. तिनं एकच विचारलं. "दिवा लावशी ना तिन्हापुढे?"

"असा लावतो की डोळे दिपतील."

"आनि श्रावणना आधी घर?"

"श्रावणाच्या कितीतरी आधी. माझी जबाबदारी."

सासूनं स्वतः लाल फडक्यात बांधून दिली. सरांनी झोळीत घातली.

उद्घाटनाच्या दिवशी सासूला पहिल्या रांगेत खुर्ची होती. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती आली. आधी देवीला बघते म्हणाली. मी तिला आत नेलं.

सरांनी कानबाई सुटीसुटी करून ठेवली होती. नथ एका काचेच्या पेटीत. चांदीचे डोळे दुसऱ्या पेटीत. साडी भिंतीवर ताणून, चारी कोपऱ्यांना पिना. आणि मधे उंच स्टुलावर उघडा नारळ. वरून दिवा म्हणजे विजेचा झोत. खाली चिठ्ठी, 'नारळ. मध्यम आकार.'

सासूनं माझा हात धरला. "डोया काढी लिधात तिन्हा," ती म्हणाली.

सर लगबगीनं जात होते. तिनं त्यांना थांबवलं. ते म्हणाले, "आजी, प्रत्येक वस्तू स्वतंत्र बोलली पाहिजे. तुम्हाला नंतर नीट समजावतो." तेवढ्यात बाहेर पाहुण्यांची गाडी वाजली. सासू खुर्चीत जाऊन बसली. मी चहाला मागं गेले.

पुढचं मला तिच्याकडून आणि तिथल्या शिपायाकडून कळलं. पाहुणे मोठे होते आणि घाईत होते. समई लागली. फीत कापली. मग पत्रिकेत छापल्याप्रमाणे श्रीफळ वाढवायचं आलं. पत्रिकेचा रंग ठरवायला सरांनी पंधरवडा घालवला होता. नारळ आणायचं कोणालाच सांगितलं नव्हतं. जवळपास दुकान नाही. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग दोन पावलं टाकून स्टुलावरचा उचलला. शिपाई म्हणाला, "सर, तो तं..." सर दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, उद्या दुसरा ठेवू. कोणाला कळतंय?"

मला आत फुटल्याचा आवाज आला आणि टाळ्या आल्या. मी ट्रे घेऊन बाहेर आले. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या होत्या. नारळातून पाणी निघालं नव्हतं. काळा पडलेला गोटा फरशीवर घरंगळत पाहुण्यांच्या बुटापाशी गेला होता आणि जुन्या तेलाचा वास सुटला होता.

सासू ओरडली नाही. ती उठली, खाली बसली आणि पदरात एकेक तुकडा वेचू लागली. सगळे वेचून उभी राहिली तेव्हा पाहुण्यांना वाटलं, म्हातारी प्रसाद वाटते आहे. त्यांनी हात पुढे केला.

सर तिच्या कानाशी वाकले. "आजी, उद्याच दुसरा आणतो. अगदी असाच."

"तुन्ही माय फुटी जाई तं," सासू म्हणाली, "अशीच दुसरी आनशी का?"

सरांचे हात तसेच लोंबत राहिले.

पण माणूस सुधारायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. रात्रभर विचार केला होता म्हणे. त्यांचा एक शिल्पकार मित्र होता, तो फायबरची हुबेहूब कानबाई करून देणार होता. "आजी, ही कधीच फुटणार नाही. जन्मभर."

सासू आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली असेल, पण ते हसू मला नको होतं. "व्हई ना," ती म्हणाली. "मंग रोट बी फायबरनाच करजो. म्हणजे सरावत नही."

सर ओट्यावरच बसले. गेले नाहीत. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मग आता काय करतात, आजी?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खरं काही विचारलं होतं.

फुटलेली देवी तापीत सोडायची होती. नवऱ्यानं रिक्षा काढली. सारंगखेड्यापर्यंत सरांनी ते गाठोडं मांडीवर धरलं होतं, दवाखान्यातून बाळ घरी आणतात तसं. नदीवर मात्र हात खिशाकडे गेलाच. "आजी, याचं चित्रण करून ठेवू का? पुढच्या पिढ्यांसाठी..."

"कर," सासू म्हणाली. "पन पहिले डोकं टेक."

त्यांनी चपला काढल्या आणि ओल्या वाळूवर डोकं टेकलं. मग बराच वेळ उठलेच नाहीत. सासू पाण्यात उतरली, गाठोडं सोडून परतही आली, तरी ते तसेच. चित्रण राहून गेलं.

खरी पंचाईत पुढे होती. ब्राह्मणपुरीचे चुलत जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, बाकीच्या भाऊबंदांना घेऊन आले. "काकू," ते म्हणाले, "देव काय प्रदर्शनमां मांडानी चीज शे का? आते नवी कानबाई आम्हना घर बसाडसूत. आम्हना घर जागा बी शे."

"मांडी तं मांडी," सासू म्हणाली. "आते काय करू, सरले फोडू का?"

कोणी हसलं नाही. कानबाई गेली असती तर सासूकडे दुसरं काय होतं? वर्षातला तो एक रविवार सोडला तर तिला विचारायला कोण येतं? ती कोणाकडे न बघता डाळ निवडत राहिली, पण डाळ खड्यांत टाकत होती आणि खडे डाळीत.

शेवटी ठरलं ते असं. नवा नारळ रीतीप्रमाणे वाजतगाजत आणायचा आणि सगळ्या भावकीला जेवण घालायचं. ते नीट झालं तर कानबाई आमच्याकडेच. नाही झालं तर ब्राह्मणपुरी. भावकी मोठी, आणि आमचं सगळं रिक्षावर.

सर कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "खर्च माझा."

जेठ त्यांच्या झब्ब्याकडे बघून म्हणाले, "मोठा पगार शे वाटस." मला माहीत होतं ते मी बोलले नाही. सर तिथं तासांवर होते. शिकवलेल्या तासाचे पैसे, तेही सहा-सहा महिने न येणारे. ऑफिसातला कारकून त्यांच्या पाठीमागं नक्कल करायचा, बोटांची चौकट करून रिकाम्या खिशाकडे बघायचा. आम्ही सगळे हसायचो.

जूनमध्ये कलाकेंद्रानं त्यांना परत बोलावलं नाही. पाहुण्यांच्या बुटापाशी गोटा गेल्यावर कोण बोलावणार? खोली सोडताना ते आमच्याकडे आले आणि हातात होते तेवढे पैसे सासूपुढं ठेवले. बाकीचं आम्ही उसनं करून भागवलं.

श्रावणात नवी कानबाई बसली. आमच्याच घरी. पूर्ण भावकी दोन खोल्यांत आणि गल्लीत जेवली. सर एसटीनं आले होते. रोट भाऊबंदांच्या बाहेर कोणाला देत नाहीत, म्हणून सासूनं त्यांना ओट्यावर खीर-पुरीचं ताट वाढलं. आतून गाणी ऐकू येत होती. सर दाराकडे पाठ करून जेवत होते. मी वाढायला गेले तर म्हणाले, "तायी, आत बघितलं तर चालेल का?" मी सासूला विचारलं. सासू म्हणाली, "बघ म्हना. हात नका लावजो."

ते उंबऱ्याबाहेरून बघत उभे राहिले.

त्यानंतर ते दिसले नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यात एका शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवतात असं कळलं. पण दर महिन्याला माझ्या मोबाईलवर त्यांचे थोडेथोडे पैसे यायचे. नवरा म्हणाला, "आई, सोडी दे ना आते. गरीब मानूस शे."

"नही," सासू म्हणाली. "घेवाना. नही लिधात तं तो जन्मभर आपले तोंड दखाडाव नही."

या दिवाळीच्या आधी शेवटचे आले. सासूनं मला दोनदा हिशोब करायला लावला. सगळे फिटले होते. ती म्हणाली, "फोन लाव. सांग त्याले." मला फोनवर बोलायची लाज वाटते, पण लावला. मागं पोरांचा गलका होता.

"सर, पैसे पोचले. सगळे."

"बरं," ते म्हणाले. "आजी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

कुठला तरी मुलगा त्यांना हिरवा रंग मागत होता. मग फोन बंद झाला.

उसने घेतले होते त्यांचे आम्ही दुसऱ्याच दिवशी देऊन टाकले. आता कोणाचं काही देणं नाही. सरांकडून मोबाईलवर काही यायला आता कारणही राहिलं नाही.